दुसरी तबकडी

घड्याळाच्या दुरुस्तीचा आणि मराठीच्या अध्यापनाचा एकमेकांशी काही संबंध असेल असे मला २०१९ पर्यंत वाटले नव्हते. तो आहे असे आजही ठामपणे म्हणणे धाडसाचेच ठरेल. परंतु एका मनगटी घड्याळासाठी मी सव्वा वर्ष तबकडी शोधत होते, आणि त्या काळात एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सेवर जे बोलत होते त्याच्या नेमके उलट बाजारात करत होते. ही विसंगती माझ्या ध्यानात फार उशिरा आली. आणि तीही आपण होऊन नव्हे, अण्णांनी दाखवून दिल्यावर.

अण्णा म्हणजे माझे वडील. सांगलीच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवले. घड्याळ त्यांचे. एच.एम.टी. कंपनीचे, 'जनता' या नावाचे, रोज चावी द्यावी लागणारे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वेतनाच्या फरकाची रक्कम हाती आली तेव्हा त्यांनी ते घेतले होते. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ मध्ये बंगळूरला सुरू झाली ती कारखान्यांना लागणारी यंत्रे बनवण्यासाठी. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिने मनगटी घड्याळे काढायला सुरुवात केली, आणि पुढची पंचवीसेक वर्षे या देशातल्या पगारदारांची वेळ बहुतांशी तिच्याच काट्यांवर चालली. जावयाला द्यायचे ते एच.एम.टी., दहावीला चांगले गुण पडले तर एच.एम.टी., निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळाबरोबर पुन्हा एच.एम.टी. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात टायटनची क्वार्ट्झ घड्याळे आली आणि चावी देण्याची सवयच हळूहळू मोडली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एच.एम.टी.चा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. हा तपशील इथे केवळ हळहळ व्यक्त करण्यासाठी दिलेला नाही. माझ्या अडचणीचे मूळ त्यातच आहे.

अण्णांच्या घड्याळावरचे आकडे देवनागरी होते. पांढरी तबकडी, त्यावर काळे एक ते बारा, वरच्या अंगाला कंपनीचे नाव आणि त्याखाली 'जनता' ही तीन अक्षरे, तीही देवनागरी. अण्णांना याचे फार अप्रूप होते. पाचवीच्या वर्गाला कोन शिकवताना ते मनगटावरचे घड्याळ काढून पुढच्या बाकावरच्या मुलाच्या हातात देत आणि काट्यांमधला कोन किती ते विचारत. एकदा एका मुलाच्या हातून ते फरशीवर पडले. काच फुटली, आणि काचेचा एक कण आत घुसून चाराच्या आकड्याजवळ तबकडीवर नखाएवढा ओरखडा उमटला. काच बदलली, ओरखडा राहिला. अण्णा त्या मुलाचे नाव शेवटपर्यंत घेत असत, पण रागाने नव्हे. तो पुढे इंजिनिअर झाला होता.

आता पुराविषयी. कृष्णेकाठी राहणाऱ्या माणसांची पुराची म्हणून एक स्वतंत्र कालगणना असते. आमच्या माजघराच्या भिंतीवर अण्णांनी २००५ च्या पुराची रेघ पेन्सिलीने मारून ठेवली होती आणि तिच्याशेजारी तारीख लिहिली होती. घराला रंग दिला की ते आधी ती उंची मोजून कागदावर टिपून ठेवत आणि रंग वाळल्यावर पुन्हा तीच रेघ ओढत. त्या रेघेच्या वीतभर वर एक खिळा होता, आणि निवृत्तीनंतर घड्याळ त्या खिळ्याला पट्ट्याने टांगलेले असे. सकाळच्या बातम्या लागल्या की ते काढायचे, चावी द्यायची, वेळ जुळवायची, पुन्हा टांगायचे. हाताला सूज येत असल्यामुळे ते घालणे त्यांनी सोडले होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळची पातळी तासातासाला वाढत होती आणि मी पुण्यात दूरचित्रवाणीसमोर बसून होते. आई २०१४ मध्ये गेली, त्यामुळे घरी अण्णा एकटेच. गल्लीत बोट आल्यावर शेजाऱ्यांनी त्यांना उचलूनच बाहेर काढले. बोटीतून उतरल्यावर त्यांचा फोन आला. घड्याळ राहिले म्हणाले. बोट आणखी एक फेरी करणार आहे, मी जाऊन घेऊन येऊ का, असे ते मला विचारत होते. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस. मी म्हणाले, "रेघेच्या वर आहे ना? मग राहू द्या. तिथवर काही पाणी येत नाही." ते काही बोलले नाहीत म्हणून मी पुढे म्हणाले, "अहो अण्णा, घड्याळासाठी जीव द्यायचाय का?"

सल्ला चूक नव्हता. कोणीही तोच दिला असता. परंतु ज्या स्वरात मी तो दिला तो स्वर नंतर मला पुष्कळ दिवस ऐकू येत राहिला. आणि पाणी २००५ च्या रेघेला ओलांडून पुष्कळ वर गेले.

पूर ओसरल्यावर आम्ही घर उघडले तेव्हा घड्याळ खिळ्यालाच होते. त्याच्या आत काचेखाली निम्म्यापर्यंत गढूळ पाणी साचून राहिले होते. (आपला 'घड्याळ' हा शब्द ज्या घटिकेवरून आला ती मोजायचे साधन म्हणजे तळाला छिद्र असलेले, पाण्यावर तरंगत ठेवलेले भांडे. पाणी भरून ते बुडाले की चोवीस मिनिटांची एक घटिका झाली. हे मी दर वर्षी मुलांना सांगते. त्या दिवशी ते आठवले आणि आठवल्याचा राग आला.) घड्याळ उभे टांगलेले असल्यामुळे पाणी आटत गेले तसा गाळ सरळ रेषेत बसला. आठापासून चारापर्यंत एक तपकिरी आडवी रेघ, आणि तिच्याखाली तबकडीचा रंग फुगून पापुद्रे सुटलेला. सहाचा आकडा तर उरलाच नव्हता.

अण्णा माझ्याबरोबर पुण्याला आले. घड्याळ मी रुमालात गुंडाळून आणले आणि त्यांना सांगितले, "दुरुस्त करून देते. होते तसे." या शेवटच्या दोन शब्दांनी मला पुढे बरेच फिरवले.

लक्ष्मी रस्त्याच्या एका गल्लीत जिन्याखाली बसणारे एक घड्याळजी आहेत. सत्तरीचे असावेत. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणते. त्यांनी मागचे झाकण उघडले, डोळ्याला भिंग लावले आणि बराच वेळ आत पाहून म्हणाले, "मशीन होईल. डायल अवघड आहे."

मला हे उलट वाटले होते. माझ्या कल्पनेत तबकडी म्हणजे एक रंगवलेला पत्रा, तर आतले यंत्र म्हणजे खरी गुंतागुंत. काकांनी समजावून सांगितले. या जातीचे मशीन कंपनीने अमाप बनवले. सेकंदाला पाच ठोके, सतरा ज्वेल. बंद पडलेली एच.एम.टी. घराघरांतून निघतात, त्यांतून कोणतेही चाक, कोणताही बॅलन्स काढून इथे बसवता येतो, आणि बसवला तर कोणाला कळत नाही. अण्णांच्या घड्याळातला बॅलन्सही मूळचा नव्हता, पूर्वी कधीतरी बदललेला होता. म्हणजे जे घड्याळ आम्ही चाळीस वर्षे अण्णांचे म्हणून ओळखत होतो त्याचे काळीज अगोदरच दुसऱ्या कोणाचे तरी होते, आणि याचे ना त्यांना काही वाटले होते ना मला. तबकडीचे तसे नसते. ती दिसते.

इथे शब्दाविषयी थोडे. आपण मराठीचे लोक जिला तबकडी म्हणतो तिला बाजारात कोणीही तबकडी म्हणत नाही, डायलच म्हणतात. मी पहिल्या दिवशी तबकडी म्हटले तेव्हा काकांनी हातातले काम थांबवून वर पाहिले आणि म्हणाले, "गाण्याची?" तबक हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला, त्याचे हे लघुरूप. विड्याचे तबक, ग्रामोफोनची तबकडी, आकाशातली उडती तबकडी, सारे एकाच घरचे. मला स्वतःला हा शब्द डायलपेक्षा नेमका वाटतो, कारण घड्याळाची तबकडी खरोखर एक छोटे तबकच असते, ज्यावर बारा आकडे मांडून ठेवलेले आहेत. पितळेचा जेमतेम तीन सेंटिमीटर रुंदीचा पातळ पत्रा, त्यावर रंगाचा थर, त्यावर आकड्यांची छपाई, वरून पारदर्शक लेप. मागच्या बाजूला दोन बारीक खुंट असतात, त्यांना काका पाय म्हणतात. हे पाय मशीनच्या बाजूच्या दोन भोकांत जातात आणि कडेने दोन अतिसूक्ष्म स्क्रू त्यांना धरून ठेवतात. दुसऱ्या जातीच्या मशीनची भोके दुसऱ्या ठिकाणी असतात. म्हणून दिसायला हुबेहूब असलेली तबकडीही पाय जुळत नसतील तर बसत नाही. कुठलेही तोंड कुठल्याही धडाला चालत नाही, असे काका म्हणाले.

दिवाळीपर्यंत मशीन चालू झाले. गंजलेल्या चाव्या, काटे, आतले दोन-तीन भाग त्यांनी त्यांच्या डब्यातून काढून बसवले. तबकडीवाचून घड्याळ चालताना पाहणे हा एक चमत्कारिक अनुभव आहे. काटे फिरतात, पण कशावरून कशावर ते कळत नाही.

मग माझा शोध सुरू झाला. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. बुधवारी मला तास असत, म्हणून रविवार. फडक्यावर मांडलेल्या घड्याळांसमोर मी उकिडवी बसले की विक्रेते हमखास विचारत, "लेडीज पाहिजे का मॅडम?" मी खिशातून, म्हणजे पर्समधून, अण्णांच्या घड्याळाचा जुना फोटो काढून दाखवी. तो एका लग्नातला होता. त्यात अण्णांचे मनगट आणि घड्याळ स्पष्ट, अण्णांचा चेहरा मात्र कापला गेलेला. देवनागरी आकड्यांची घड्याळे अधूनमधून दिसत. कोणाचा रंग पिवळा पडलेला, कोणावर भलत्याच कंपनीचे काटे. विक्रेते त्यांची किंमत वाढवून सांगत, कारण एव्हाना शहरातल्या तरुणांमध्ये जुनी एच.एम.टी. घालण्याची टूम आली होती.

मुंबईला एका चर्चासत्राच्या निमित्ताने गेले असता चोर बाजारातही जाऊन आले. तिथे मला हवे ते मिळाले, किंवा मिळाले असे वाटले. एका दुकानात प्लास्टिकच्या पिशवीत पन्नास-साठ कोऱ्या तबकड्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, काळे देवनागरी आकडे, वर 'जनता'. दीडशे रुपयांना एक. "एकदम ओरिजिनल है, कंपनी का माल," दुकानदार म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी दोन घेतल्या.

काकांनी ती भिंगाखाली धरली आणि लगेच परत दिली. "रिडायल आहे." मग भिंग माझ्या हातात दिले. आधी मला काहीच दिसले नाही. नंतर दिसू लागले आणि मग दिसायचे थांबेना. मिनिटांच्या खुणा आकड्यांच्या बरोबर समोर नव्हत्या, किंचित सरकलेल्या होत्या. 'जनता'वरची शिरोरेषा 'न'पाशी जाड आणि 'ता'पाशी बारीक. शाईच्या कडा पसरट. काकांनी कृती सांगितली. जुनी खराब तबकडी घ्यायची, तिच्यावरचा सगळा रंग उतरवायचा, नवा फवारायचा आणि त्यावर मऊ पॅडने आकडे छापायचे. पत्रा खरा असतो, पाय खरे असतात, चेहरा नवा असतो. बनावट म्हणावे तर तसेही म्हणवत नाही. अशा घड्याळांचा मोठा व्यापार चालतो आणि घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती जुनीच वाटतात.

"बसवू का?" काकांनी विचारले. "चालेल तसं. वडिलांना काय कळणार आहे?"

मी नको म्हणाले, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. त्या सत्रात मी पाठचिकित्सा शिकवत होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीविषयी वर्गात बोलताना मला नेहमीच उत्साह येतो. १९१९ मध्ये आरंभलेले ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. १९२५ पासून १९४३ पर्यंत विष्णु सीताराम सुखटणकर त्याचे प्रमुख संपादक होते. निरनिराळ्या लिप्यांतली हस्तलिखिते समोर ठेवून, एकमेकांशी ताडून, उपलब्ध पुराव्यावर सर्वांत जुना म्हणता येईल असा पाठ निश्चित करायचा, ही त्या कामाची दिशा. त्याहीआधी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी पैठणला ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लेखनिकांच्या हातून शिरलेले पाठ त्यांना खटकले होते. मी मुलांना सांगत होते की लेखनिकाचा सर्वांत घातक प्रकार आळशी लेखनिक हा नव्हे. तो चुका करतो, पण त्या दिसतात. घातक तो हुशार लेखनिक, ज्याला फाटलेल्या ओळीची लाज वाटते आणि जो ती आपल्या मनाने भरून काढतो, इतक्या सफाईने की पुढच्याला तिथे काही फाटले होते हेच कळत नाही. चोर बाजारातली तबकडी हे याचे उत्तम उदाहरण होते आणि मी ते वर्गात वापरलेही. मुले हसली. एका मुलीने वहीत 'रिडायल = प्रक्षेप' असे लिहून घेतले.

आपण स्वतः कोणत्या प्रकारचे लेखनिक आहोत, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

२०२० च्या मार्चमध्ये सगळेच थांबले. जुना बाजार बंद, काकांचा जिना बंद. अण्णा माझ्या सदनिकेत खिडकीशी बसून असत आणि भिंतीवरच्या क्वार्ट्झ घड्याळाकडे पाहत. अधूनमधून विचारत, "झाले का ते?" मी म्हणे, "होते आहे." ते किती वाजले हे विचारत नसत, हे मी नमूद करून ठेवते, कारण विस्मरणाचा वगैरे त्यांना काही त्रास नव्हता. त्यांची बुद्धी शेवटपर्यंत लखलखीत होती. वर्तमानपत्रातल्या आकडेवारीच्या बेरजा ते तपासून पाहत आणि चुकल्या असतील तर संपादकांना पोस्टकार्ड टाकत.

निर्बंध सैल झाल्यावर, वर्षाच्या अखेरीस, जुन्या बाजारात मला ते घड्याळ मिळाले. जनता, देवनागरी आकडे, तबकडी निर्दोष. मी आता भिंग जवळ बाळगत होते. शिरोरेषा सलग, खुणा जागच्या जागी, पांढऱ्या रंगाला ताकासारखी किंचित जुनी छटा. घड्याळ बंद होते. नऊशे रुपये दिले. रिक्षात बसल्यावर ते उलटे करून पाहिले तर मागच्या झाकणावर अक्षरे कोरलेली होती. एका वराचे नाव, 'विवाहप्रीत्यर्थ मामाकडून सप्रेम', आणि १९८१ सालची वैशाखातली तिथी.

काकांनी ते उघडले, फुंकर मारली, चिमट्याने काहीतरी हलवले. बॅलन्स दोनदा झोके घेऊन थांबला. "मॅडम, हे घाणीनं अडकलंय फक्त. दोन दिवस द्या, चालू करून देतो. चांगलं घड्याळ आहे."

म्हणजे मेलेल्याचे डोळे काढून घेण्यासारखे ते नव्हते. हे घड्याळ जगणार होते. मी थोडा वेळ गप्प राहिले. खोटे सांगत नाही, खरोखर थोडाच वेळ. मग म्हणाले, "नको काका. ह्याची डायल काढून त्याला बसवा." काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. काटे उपटले, स्क्रू सैल केले, तबकडी उचलली. पंधरा मिनिटांत काम झाले. अण्णांची जुनी तबकडी त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून दिली आणि मामाचे घड्याळ, आता बिनचेहऱ्याचे, दुसऱ्या पुडीत.

२०२१ च्या जानेवारीत मी घड्याळ अण्णांच्या हातात दिले. त्यांनी ते आधी कानाला लावले. मग चावी दिली, मोजून, जशी ते नेहमी देत. मग पाहिले. पाहून म्हणाले, "छान झाले." एवढेच. मला हलके वाटले. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सकाळी बातम्या लागल्या असताना ते म्हणाले, "चाराजवळचा ओरखडा कुठे गेला?"

मी म्हणाले, "पॉलिश केले त्यांनी."

"तबकडीला पॉलिश करत नाहीत," अण्णा म्हणाले. गणिताच्या तासाला उत्तर चुकल्यावर ज्या आवाजात ते 'पायऱ्या दाखव' म्हणत त्याच आवाजात. "जुनी टाकलीस?"

मी पुडी आणून दिली. टाकली नव्हती हे खरे, पण का टाकली नव्हती हे मला तेव्हाही सांगता आले नसते. त्यांनी माझेच भिंग मागून घेतले आणि खिडकीशी जाऊन ती तबकडी बराच वेळ पाहिली. ओरखडा सापडला. मग ती तपकिरी आडवी रेघ त्यांनी नखाने, न टेकवता, हवेतच आठापासून चारापर्यंत ओढून पाहिली. "इथवर पाणी राहिले होते," म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न पाहता, "तू म्हणालीस ते बरोबरच होते. मी गेलो असतो तर बोट उलटलीच असती एखादे वेळी." दीड वर्षात या विषयावर आम्ही प्रथमच बोलत होतो.

मी म्हणाले, "तरी पण अण्णा, मी जरा..."

"हो, ओरडलीस," ते म्हणाले आणि पुडी पुन्हा बांधून चष्म्याच्या घरात ठेवून दिली.

त्या रात्री मला समजले ते सांगायला फार सोपे आहे आणि म्हणूनच जरा संकोच वाटतो. सव्वा वर्ष मी जी तबकडी शोधत होते ती अण्णांसाठी नव्हतीच. पूर आला नव्हता, फोन झाला नव्हता, ते वाक्य मी बोलले नव्हते, असे दाखवणारी एक शुद्ध प्रत मला हवी होती. रिडायल नाकारून मी अस्सलपणाचा आग्रह धरला खरा, पण तो अस्सलपणा दुसऱ्याच्या घड्याळाचा होता. चोर बाजारातला तो कारागीर निदान जुन्याच पत्र्यावर काम करत होता. वर्गात इतक्या वर्षांत मी चिकित्सक आवृत्तीच्या वरच्या अर्ध्या पानाविषयीच अधिक बोलत आले होते, निश्चित केलेल्या पाठाविषयी. खालचे अर्धे पान, बारीक टाइपातले, जिथे संपादकांनी नाकारलेला प्रत्येक पाठ कोणत्या हस्तलिखितात आहे ते सांगून जपून ठेवला आहे, ते मी 'संदर्भासाठी' म्हणून मुलांपुढून सरकवत असे. सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही फेकले नव्हते. मोठमोठी प्रकरणे वगळली, पण ती परिशिष्टांत छापली. पुढच्या वर्षीपासून मी तासाची सुरुवात तळटीपांपासून करू लागले. त्यासाठी एवढे कारण आवश्यक होते असे नाही, पण ते घडले असे.

अण्णा २०२२ च्या पावसाळ्यात गेले. घरीच, झोपेत. सांगलीचे घर आम्ही विकले. विकण्याआधी मी माजघरातल्या दोन्ही रेघांचा फोटो काढून घेतला. २००५ ची त्यांच्या हातची, आणि २०१९ ची, जी त्यांनी पूर ओसरल्यावर घर झाडायच्याही आधी खुर्चीवर चढून मारली होती. चष्म्याच्या घरात पुडी होती.

त्या दिवाळीत मी दोन्ही घड्याळे आणि पुडी घेऊन काकांकडे गेले आणि जुनी तबकडी पुन्हा बसवायला सांगितली. काका वैतागले. एक तर सहाचा आकडा नाही, रंग सुटतो आहे, सुटलेला कण मशीनमध्ये गेला तर पुन्हा घड्याळ बंद. शिवाय पुराच्या पाण्याने आतून खाल्ल्यामुळे एक पाय तुटला होता. एका पायावर तबकडी गोल फिरते. "लोक चांगली डायल काढून खराब बसवायला सांगतात असं पन्नास वर्षांत पाहिलं नाही," ते म्हणाले. पण बसवली. सुटणाऱ्या रंगावर काहीतरी पातळ लेप दिला आणि तुटक्या पायाच्या जागी चिकटपट्टीचा लहानसा तुकडा लावला. तरी ती थोडी सरकली आहेच. बारा किंचित उजवीकडे झुकले आहेत, त्यामुळे काटे बरोबर बारा दाखवतात तेव्हा अर्धे मिनिट कमी दिसते.

मामाच्या घड्याळाला त्याची तबकडी परत मिळाली. काकांनी म्हटल्याप्रमाणे ते दोन दिवसांत चालू झाले. झाकणावरच्या नावाच्या माणसाचा शोध घ्यावा असे अधूनमधून मनात येते. परंतु आडनाव महाराष्ट्रात हजारोंचे, आणि गावाचा उल्लेख नाही. सध्या दोन्ही घड्याळे माझ्या टेबलावर असतात आणि दोन्हींना मी सकाळी चावी देते. मामाचे दिवसाला चार मिनिटे पुढे जाते. एकदा काकांकडे न्यायला हवे.